आत्याचा परवाना

माझी आत्या परदेशी नागरिक होती, हे मला एकोणिसाव्या वर्षी कळलं. तोवर मी तिला आमच्या गावची, आमच्या रक्ताची, बांगड्याचं तिखलं आईपेक्षाही चांगलं करणारी आणि जराशी घाबरट बाई समजत होते.

घाबरट अशासाठी की ती मुलुंडच्या जकात नाक्यापलीकडे पाऊल टाकायची नाही. आम्ही मुलुंड पूर्वेला मिठागरांच्या बाजूच्या चाळीत राहायचो. आत्या आमच्यापासून दहा मिनिटांवर, दुसऱ्या चाळीत एका खोलीत एकटी राहायची. साड्यांना फॉल लावणं, ब्लाऊज शिवणं यावर तिचं चालायचं. आईला ठाण्याचा बाजार आवडायचा. रविवारी सकाळी आई, मी आणि आत्या पिशव्या घेऊन हायवेच्या कडेने निघायचो. नाक्यावर ट्रकांची रांग दिसायला लागली की आत्या थांबायची. म्हणायची, तुम्ही जाऊन या, माझे गुडघे दुखतात. पुढे पाचशे पावलांवर ठाणं. मला वाटायचं, हिला ट्रकांची भीती वाटते. मी लहानपणी तिला त्यावरून चिडवलंही आहे. ती हसायची.

एकाहत्तरच्या लढाईत, मी आठ वर्षांची असताना, ती कितीतरी दिवस आमच्याकडे आली नव्हती. खिडक्यांना काळे कागद लावलेले होते आणि मी रोज आईला विचारायचे, आत्या का येत नाही. आई म्हणायची, तिला शिवणाचं काम फार आलंय. त्या दिवसांत ती रोज सकाळी पोलीस ठाण्यात हजेरी लावायला जायची, हे मला अकरा वर्षांनी समजलं.

बारावीनंतर मी स्टेशनजवळच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जायला लागले. खाली पिठाची गिरणी, वर आम्ही. मशीनच्या फटींत पीठ जायचं आणि रोज आधी ब्रशने अक्षरं साफ करावी लागायची. इन्स्टिट्यूट चालवणारे सर सत्तरीकडे झुकलेले होते. माझा हात चांगला बसल्यावर त्यांनी मला लोकांचे अर्ज टाईप करायला दिले. परळच्या गिरण्यांचा संप चालू होता. घरी बसलेले कामगार कुठे ना कुठे नोकरीसाठी अर्ज करायला यायचे. त्या लोकांमध्ये एका दुपारी आत्या जिना चढून आली. पिशवीतून तिने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक पुस्तिका काढली आणि म्हणाली, याच्या मुदतवाढीचा अर्ज कर. नेहमीचा अर्ज लिहिणारा माणूस गावी गेला होता, म्हणून ती माझ्याकडे आली होती.

मी पुस्तिका उघडली. आत्याचा तरुणपणीचा फोटो, तिचं नाव, नवऱ्याचं नाव. खाली राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात पाकिस्तानी.

"हे तुझं आहे?" मी विचारलं.

"माझाच," ती म्हणाली. "फोटो दिसणा नाय तुका?"

मग तिने मशीनशेजारच्या बाकावर बसून मला सगळं सांगितलं. फार मोठं काही सांगतेय, असा आवाजही नव्हता. सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा कराचीच्या बंदरात होड्या दुरुस्त करणारा सुतार. तेव्हा कराची म्हणजे मुंबईहून बोटीने जायचं एक गाव, एवढंच. आमच्या भागातली बरीच माणसं तिथे होती. गणपती बसायचा, दशावतारसुद्धा व्हायचा. फाळणी झाली तेव्हा पुष्कळ जण निघून आले. तिचा नवरा म्हणाला, होड्या कुठल्याही राज्यात फुटणारच, थोडं थांबू. ते थांबले. मग जायला-यायला परमिट लागायला लागलं, मग पासपोर्ट. ती दोघं आपल्या खोलीत बसली होती आणि बसल्या जागी दुसऱ्या देशाची झाली. एक मुलगी झाली, ती दोन वर्षांची होऊन गेली. नवरा तापाने गेला. तेव्हा ती गावच्या थोरल्या काकांच्या पत्त्यावर व्हिसा घेऊन परत आली. काका गेल्यावर गावात पोट भरण्यासारखं काही नव्हतं, म्हणून परवानगी काढून मुंबईला आली. तेव्हापासून दर वर्षी अर्ज, फोटो, पोलीस आयुक्तांच्या कचेरीत रांग आणि एक शिक्का. परवाना बृहन्मुंबईपुरता. हद्दीबाहेर जायचं तर आधी लेखी परवानगी. बृहन्मुंबईची हद्द जकात नाक्यावर संपत होती.

मी टाईप करायचं विसरून तिच्याकडे बघत राहिले. ती म्हणाली, आता कर की अर्ज, गिरणीत माझं दळण आहे.

ती गेल्यावर सरांनी मला बोलावलं. त्यांनी पुस्तिका बघितली होती. सर कधी स्वतःबद्दल बोलायचे नाहीत. त्या दिवशी बोलले. इंग्रजांच्या काळात ते दिल्लीला होम डिपार्टमेंटमध्ये टायपिस्ट होते. मी शाळेत नागरिकशास्त्रात गृहमंत्री म्हणजे लोकांची घरं बांधून देणारा मंत्री असं लिहून मार खाल्ला होता, हे मी त्यांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, इंग्रजांच्या लेखी होम म्हणजे देशाच्या आतला बंदोबस्त. कोण काय बोलतो, कोण काय छापतो, कुणाला तुरुंगात ठेवायचं आणि कुणाला हद्दपार करायचं. उन्हाळ्यात सगळं खातं फायलींच्या पेट्यांसकट सिमल्याला जायचं. बेचाळीस साली त्यांनी इतक्या लोकांच्या अटकेचे कागद टाईप केले, की रात्री जेवताना बोटं ताटावरही आपोआप हलायची. मग सत्तेचाळीस आलं. खोल्या त्याच, कपाटं तीच, फायलींना बांधायची लाल फीतही तीच. ज्यांच्यावरच्या फायली ते टाईप करत होते, त्यांच्यातलीच माणसं साहेब होऊन आली.

"आम्हाला वाटलं, आता हे खातं बंद करतील," सर म्हणाले. "उलट काम चौपट झालं."

निर्वासितांच्या याद्या आल्या. संस्थानं विलीन करून घ्यायची होती. शिरगणती, सीमा, दंगली, कुठल्या राज्यात कुठली भाषा, सगळं त्याच दालनांतून जायचं. परदेशी माणसांबद्दलचा कायदा इंग्रजांनी जाता जाता केलेला होता. तो तसाच ठेवला, कारण हाताशी दुसरा नव्हता आणि माणसं रोज येत होती. पाकिस्तानातून येणाऱ्यांना परमिट लागेल, या हुकमाच्या प्रती काढायला सर स्वतः दोन दिवस बसले होते. तेव्हा तो हुकूम योग्यच वाटला होता, असं ते म्हणाले. दिल्लीत त्या वेळी माणसाला राहायला पडवी उरलेली नव्हती. त्या हुकमात मुलुंडची एक शिवणकाम करणारी बाई येईल, असं कुणाच्या मनात आलं असणार?

मग त्यांनी मला सांगितलं की मुदतवाढ मागत बसण्यापेक्षा तिने नागरिकत्वासाठी अर्ज करावा. जन्म इथला, आईबाप इथले, इतकी वर्षं वास्तव्य. कलेक्टर कचेरीतून कागद मंत्रालयात जाईल, तिथून दिल्लीला गृह मंत्रालयात. वेळ लागेल, पण होईल.

मला स्फुरण चढलं. आयुष्यात पहिल्यांदा मला असं काहीतरी येत होतं, की ज्याचा घरच्या माणसाला उपयोग होता. मी फॉर्म आणले. तीन दुपारी बसून चार प्रतींत अर्ज तयार केला. भारतातले जवळचे नातेवाईक या रकान्यात मी बाबांचं नाव घातलं. नातं, सख्खा भाऊ. पत्ता आमचा. व्यवसाय, केंद्र सरकारची नोकरी आणि कचेरीचं नाव. मला वाटलं, भाऊ सरकारी नोकर म्हटल्यावर अर्जाला वजन येईल. आत्याने बोट ठेवून विचारलं, "तेका इचारलंस?" मी म्हटलं, त्यात विचारायचं काय, खरं तेच लिहिलंय ना. तिने बोट काढलं आणि सही केली. दुसऱ्या दिवशी अर्ज कचेरीत दिला आणि कार्बन कॉपी घेऊन मी घरी आले.

बाबा जेवत होते. मी कॉपी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी वाचली. हातातला घास ताटात ठेवला.

"दिलास अर्ज?"

"आजच."

ते उठले आणि हात धुऊन खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेल्यावर आईने मला सांगितलं. बाबा कांजूरमार्गला संरक्षण खात्याच्या एका भांडारात कारकून होते. नोकरीला लागताना एक छापील फॉर्म भरावा लागतो. परदेशात राहणारे किंवा परदेशी नागरिक असलेले जवळचे नातेवाईक, असा त्यात एक प्रश्न असतो. बाबा तेव्हा तेवीस वर्षांचे होते आणि बहीण कराचीला होती. बरोबरच्या एकाने सांगितलं, पाकिस्तान लिहिलंस तर संपलंच. बाबांनी लिहिलं, निरंक. पुढे आत्या परत आली तेव्हा ते कळवायला हवं होतं. कळवायचं तर आधीचं खोटं उघड झालं असतं. म्हणून ती दुसऱ्या चाळीत राहत होती. म्हणून बाबांच्या कचेरीतल्या कुणाला कधी आमच्याकडे जेवायला बोलावलेलं नव्हतं. मी समजत होते, आमची खोली लहान आहे म्हणून.

"तो फॉर्म आणि तुझा अर्ज दोन्ही सरकारकडेच की गं," आई म्हणाली. "एकत्र झाले तर?"

मी सरांना विचारलं, अर्ज परत घेता येईल का. ते म्हणाले, घेता येईल, पण का घेतला ही चौकशी होईल. मी तो परत घेतला नाही. कुणीच काही केलं नाही. बाबा कामावर जात राहिले. दारात पोस्टमन दिसला की त्यांचा चेहरा बघवायचा नाही.

सात-आठ महिन्यांनी, एका सुट्टीच्या दिवशी दुपारी एक गृहस्थ आले. अंगात पोलिसाचा वेश नव्हता. पांढरा शर्ट, काखेत रेक्झिनची बॅग. साताऱ्याकडची बोली होती आणि बोलणं अतिशय नम्र. म्हणाले, दिल्लीहून एका अर्जाची चौकशी आली आहे, पाचच मिनिटं घेतो. बाबांनी त्यांना खुर्ची दिली. मी आणि आई स्वयंपाकाच्या कोपऱ्यात, पडद्याआड. चहाचं पाणी उकळत होतं.

त्यांनी आत्याचं नाव वाचलं आणि विचारलं, "तुमच्या सख्ख्या बहीण ना या?"

बाबा म्हणाले, "नाही. आमच्या गावच्या आहेत. लांबचं नातं आहे. मी त्यांना बहीण मानतो."

आईने गॅस बारीक केला. का केला कोण जाणे, चहा अजून व्हायचा होता.

ते गृहस्थ म्हणाले, अर्जात तर सख्खा भाऊ लिहिलंय. बाबा म्हणाले, टाईप करणाऱ्याची चूक असेल. मग त्यांनी विचारलं, टाईप कुणी केलं. बाबांनी मला हाक मारली. मी चहाचा कप घेऊन बाहेर आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या बाबांएवढ्याच वयाच्या माणसाने, अगदी साधेपणाने.

"काय गं बाळ, तुला काय माहिती आहे?"

मी कप टेबलावर ठेवला. बशीत थोडा चहा सांडला. मी म्हटलं, "मला सांगितलं तसं मी टाईप केलं. भाऊ म्हणाल्या, मी सख्खा लिहिलं."

त्यांनी ते लिहून घेतलं. बाबांची सही घेतली, चहा पिऊन निघाले. जाताना दारातल्या चपला पायाने नीट सरळ लावून गेले. आम्ही तिघंही त्याबद्दल कधी बोललो नाही. मी आत्याकडे जाणं कमी केलं. काम वाढलंय म्हणून सांगायचे. मला घाटकोपरला एका कंपनीत टायपिस्टची नोकरी लागली होती, त्यामुळे ते खोटंही नव्हतं.

दिल्लीचं उत्तर यायला आणखी वर्ष गेलं. गुळगुळीत कागदावर चार ओळी. अर्जात नमूद केलेलं नातं चौकशीत सिद्ध झालेलं नाही, गावच्या दप्तरात जन्माची नोंद आढळली नाही, सबब अर्जाचा विचार करता येत नाही. त्यानंतर वर्षाच्या परवान्याऐवजी तिला तीन-तीन महिन्यांचा परवाना मिळायला लागला. अर्जात चुकीची माहिती दिल्याचा शेरा पडला होता. ती दर तीन महिन्यांनी रांगेत उभी राहायची. मला अर्ज करायला सांगायची नाही. तिचा जुना माणूस होता, त्याच्याकडून करून घ्यायची.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात गावाहून तार आली. आजी अंथरुणाला खिळली होती आणि मुलीचं नाव घेत होती. आत्या आणि बाबा तिची एवढी दोनच मुलं उरली होती. तार घेऊन बाबा आत्याकडे गेले, मी बरोबर होते. आत्याने तार वाचून घेतली. मशीनवरचं ब्लाऊज बाजूला ठेवलं.

"माका आवशीक बघूचा आसा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेऊन तिच्याबरोबर गेले. कचेरीतली बाई वाईट नव्हती. तिने तार बघितली, आत जाऊन विचारून आली. म्हणाली, साधा परवाना असता तर इथेच दिली असती परवानगी. या फाईलवर शेरा आहे, वर विचारावं लागतं. आजच पाठवते. आम्ही निघालो. जिन्यावर आत्या कठड्याला धरून दोन पायऱ्या उतरली आणि थांबली, मग पुन्हा उतरली.

बाबा म्हणाले, परवानगीशिवाय येऊ नकोस. पकडलं तर सरळ सरहद्दीवर नेऊन सोडतील, तिथे तुझं कोण आहे आता? हे बोलताना ते तिच्याकडे बघत नव्हते. संध्याकाळच्या एसटीने ते एकटे गेले. मी आत्याकडे राहायला गेले.

ते सहा दिवस ती शिवत होती. लोकांचे कपडे संपले तसे तिने आपल्या साड्यांचे फॉल उसवले आणि परत लावले. सहाव्या दिवशी दुपारी तार आली. मी वाचून दाखवली. ती उठली, न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या केसांनी येऊन बसली.

मला सहन झालं नाही. मी तिला सांगितलं. तो माणूस आला होता, बाबांनी काय सांगितलं, मी काय सांगितलं, सगळं. तो शेरा आमच्यामुळे पडलाय, म्हटलं. आज तू तिथे असतीस.

ती केस पुसत राहिली. मग म्हणाली, मला माहिती आहे.

तो गृहस्थ आमच्याकडून निघून थेट तिच्याकडे गेला होता. तिला त्याने बाबांचा जबाब वाचून दाखवला होता. म्हणाला होता, बाई, तुमचा भाऊ म्हणतो तुम्ही सख्ख्या नाही. तुम्ही सांगा, खरं काय. दोन जबाबांत फरक असला तर मी पुढे चौकशी लावतो, त्यांच्या कचेरीतून कागद मागवतो. त्याला बहुतेक खरं काय ते दिसत होतं.

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगलंय, तो म्हणता तसाच आसा." तिने टॉवेल घडी करून मांडीवर ठेवला. "तेची नोकरी गेली असती, बाय. मगे तुमचा काय?"

तिने स्वतःच्याच अर्जाच्या चौकशीत जबाबाखाली सही केली होती, की तो आपला भाऊ नाही.

गावची परवानगी नऊ दिवसांनी आली. दहा दिवसांसाठी. तिने ती घेऊन त्या बाईला परत दिली. आता काम उरलं नाही म्हणाली.

बाबा तेरावं करून आले, डोक्याचा गोटा केलेला. मी त्यांना बसूही दिलं नाही. आईसमोरच सांगितलं, आत्याने त्या दिवशी काय जबाब दिला ते. बाबा खाटेच्या कडेवर बसले. मग मला विचारलं, तिला तो जबाब वाचून दाखवला होता? पूर्ण? मी हो म्हटलं. "माझा आवाज काढून वाचला असेल त्याने," ते म्हणाले.

त्या आठवड्यात त्यांनी रजा वाढवली आणि एका सकाळी इन्स्टिट्यूटमध्ये आले. मी तिथली नोकरी सोडली होती, पण त्यांनी मलाच बोलावून घेतलं. सरांनी कोपऱ्यातलं मशीन मोकळं करून दिलं. बाबा उभे राहून सांगत होते, मी टाईप करत होते. दोन कागद. एक कलेक्टर कचेरीला प्रतिज्ञापत्र, की सदर बाई माझी सख्खी थोरली बहीण आहे आणि मी पूर्वी दिलेला जबाब असत्य होता. दुसरा त्यांच्या खात्याच्या प्रमुखाला, की नेमणुकीच्या वेळी मी निरंक असं लिहिलं ते असत्य होतं. त्यांना सरकारी मराठी चांगली यायची. एकदाही अडखळले नाहीत. असत्य या शब्दापाशी मी थांबले, चुकीचे लिहू का विचारलं. ते म्हणाले, नाही, असत्यच लिही. मी माझंही प्रतिज्ञापत्र करते म्हटलं. सर आणि बाबा दोघंही नको म्हणाले. मी केलं नाही. आज वाटतं, करायला हवं होतं. ती माझी वाक्यं अजून कुठल्यातरी फाईलमध्ये तशीच असतील.

पुढचे काही महिने आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. बाबांना खुलाशाची नोटीस आली, मग दुसरी. एकदा दोन माणसं येऊन सगळ्या चाळीत विचारपूस करून गेली. शेजारच्यांनी आमच्याशी बोलणं तोडलं नाही, पण आमच्या घरी येणं कमी केलं. आई सोन्याच्या दोन बांगड्या रुमालात बांधून ठेवायची आणि सोडायची. शेवटी बाबांची नोकरी गेली नाही. लेखी ताकीद मिळाली, ठरलेली बढती गेली आणि बदली झाली जुन्या तंबू-ताडपत्र्यांच्या गोदामात. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते. कपड्यांना ताडपत्रीच्या मेणाचा वास यायचा. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही.

आत्याचा नवा अर्ज सरांनी स्वतः लिहिला. तो पुन्हा त्याच वाटेने दिल्लीला गेला. तीन वर्षं लागली. मधे सर वारले. अठ्ठ्याऐंशीच्या अखेरीस तिला कलेक्टर कचेरीत शपथ घ्यायला बोलावलं. एका लांबट खोलीत पाच-सहा माणसं होती, एक सिंधी आजोबा, एक पारशी बाई, बाकीची कोण होती कळलं नाही. अधिकाऱ्याने शपथ वाचली आणि त्याच्यामागून सगळ्यांनी म्हटली. आत्याने मराठीतून म्हटली, संविधान हा शब्द दोनदा म्हणावा लागला. जन्मली त्याच देशाशी निष्ठा राखण्याची शपथ साठ वर्षांची बाई घेत होती आणि बाबा भिंतीला टेकून बघत होते. प्रमाणपत्रावर तिचं नाव मराठीत बरोबर होतं, इंग्रजीत एक अक्षर चुकलेलं. तिने ते दुरुस्त करून घेतलं नाही. म्हणाली, आता पुन्हा दिल्लीला नको.

आम्ही तिला आमच्याकडे राहायला ये म्हटलं. आली नाही. माझी खोली आहे, मशीन आहे, म्हणाली. बाबांशी ती पूर्वीसारखीच बोलायची. सणाला जेवायला यायची. त्या जबाबाचा विषय दोघांत कधी निघाल्याचं मी बघितलं नाही.

दुसऱ्या वर्षी लोकसभेची निवडणूक आली. मतदार यादीत तिचं नाव पहिल्यांदा लागलं. म्युनिसिपल शाळेत मतदान होतं. सकाळी आत्या, बाबा आणि मी गेलो. बायकांची रांग वेगळी, तिथे ती माझ्यापुढे उभी होती. आत गेल्यावर तिने शाई लावून घेतली आणि पडद्याआड एवढा वेळ घेतला की तिथल्या माणसाने मला विचारलं, आजींना वाचता येतं ना. बाहेर आली तेव्हा बोट लांब धरलेलं होतं, शाई साडीला लागू नये म्हणून.

परतताना बाबा थोडे पुढे चालत होते. शाळेच्या वळणावर आत्याने त्यांना हाक मारली. ते थांबले. तिने विचारलं, "आवशीन माझी आठवण काढल्यान तेव्हा तू काय सांगलंस तिका?"

चार वर्षं तिने तो प्रश्न ठेवला होता. बाबांनी रस्त्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"वाटेर आसा म्हणान सांगलंय," ते म्हणाले. "रोज तोच सांगी होतंय. येता, वाटेर आसा."

आत्याने मान हलवली. बाजार उघडला होता. तिला पांढरा दोरा घ्यायचा होता, म्हणून आम्ही तिच्याबरोबर दुकानात शिरलो. बाबा बाहेर फुटपाथवर उभे राहिले, तिची पिशवी हातात धरून.